"सी म्हणजे कॅलिफोर्निया" म्हणाला आणि मी ३४,५०० डॉलर देऊन बसलो

कोणी फोर्डची १९६५ किंवा ६६ ची मस्टँग जीटी घ्यायला निघालं असेल तर आधी व्हीआयएनचं, म्हणजे गाडीवर ठोकलेल्या ओळख नंबराचं, पाचवं अक्षर बघा, बाकी सगळं नंतर. मला हे कळलं तेव्हा पैसे देऊन झाले होते, गाडी दारात आली होती आणि सहा आठवडे मी ती सगळ्यांना कौतुकाने दाखवत फिरलो होतो. चार महिने घराबाहेर कोणाला बोललो नाही, लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग जास्त आहे.

मी कॅलिफोर्नियात मिलपिटासला राहतो. इथला ग्रेट मॉल बे एरियातल्या आपल्या लोकांना माहितीच आहे. ती इमारत म्हणजे फोर्डचा जुना सॅन होजे प्लांट, १९५५ ते १९८३ तिथे गाड्या बनायच्या, आणि त्या काळातल्या मस्टँगच्या व्हीआयएनमध्ये दुसरं अक्षर 'आर' असेल तर ती गाडी इथली. हे एकदा मुलाला त्याच पार्किंगमध्ये उभं राहून सांगितलं आणि तेव्हापासून डोक्यात बसलं की घ्यायची तर 'आर'चीच. आणि हे मी गाडी विकणाऱ्या माणसाला पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. आपला जीव कशात अडकलाय ते विकणाऱ्याला कधीही कळू देऊ नका.

गाडी सेंट्रल व्हॅलीत, घरापासून दोन तासांवर. पांढरी ६६ ची हार्डटॉप, ऑटोमॅटिक, जाहिरातीत "ओरिजिनल जीटी, नंबर मॅचिंग" (म्हणजे इंजिनवरचा नंबर गाडीच्या नंबरशी जुळतो, इंजिन मूळचंच), मागणी ३६,०००. माणूस सत्तरीचा, शांत, घाई नाही काही नाही, तासभर गाडीबद्दल बोलला. जीटी हे वेगळं मॉडेल नव्हतं, ऑप्शन पॅकेज होतं: ग्रिलमध्ये फॉगलाइट, पुढे डिस्क ब्रेक, ड्युअल एक्झॉस्ट आणि त्याच्या नळ्या मागच्या व्हॅलन्समधून (बंपरखालचा पत्रा) बाहेर, खाली पट्टे, फेंडरवर बॅज. यातली एकेक गोष्ट आज कॅटलॉगमधून नवीकोरी मागवता येते, त्यामुळे गाडीवर काय लावलंय त्याला शून्य अर्थ आहे, फॅक्टरीतून काय लागून आलं होतं त्याचाच भाव असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच मी कागद मागितला.

तो म्हणाला, फॅक्टरी रिपोर्ट काढून देतो, फी १८५ डॉलर, ती तू भर. मला ते पटलं, कारण फुकट देतो म्हणाला असता तर मीच संशय घेतला असता. १८५ आणि टोकनचे २,००० फोनवरून पाठवले. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. वर व्हीआयएन, खाली बनल्याची तारीख, रंग, डीलर, आणि मग ओळीने सगळं इक्विपमेंट, जीटी ग्रुपसकट. एकही रकाना रिकामा नाही.

आता ऐका. फोर्डच्या नोंदींवरून गाडीगणिक असा रिपोर्ट मिळतो हे खरं आहे, मार्टी रिपोर्ट म्हणतात त्याला, पण तो १९६७ च्या मॉडेलपासून पुढे. ६६ आणि त्याआधीच्या गाड्यांच्या तशा नोंदी राहिलेल्याच नाहीत. म्हणजे ६६ च्या गाडीचा असा परिपूर्ण रिपोर्ट कोणी हातात ठेवला की तिथेच उठायचं आणि घरी यायचं. रिपोर्ट असतो हे मला माहीत होतं, वर्षाची अट माहीत नव्हती, आणि त्याने नेमकी तीच फट पकडली.

तरीसुद्धा सुटलो असतो. हेच मला झोपू देत नाही.

गाडी आणायला गेलो तेव्हा मी व्हीआयएन तपासला होता, मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. बॉनेट उघडलं, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या एप्रनवर, फेंडरच्या खाचेत नंबर ठोकलेला असतो, तिथे त्यानेच त्याच्या फोनचा टॉर्च धरला. मी एकेक अक्षर बोटाने पुसत मोठ्याने वाचलं. सहा, म्हणजे १९६६. आर, म्हणजे आमचं मिलपिटास. शून्य सात, हार्डटॉप. सी. टायटलशी, म्हणजे मालकीच्या कागदाशी, जुळवलं, जुळलं. मग मी विचारलं, सी कशाचा? तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "सी म्हणजे कॅलिफोर्निया, इथे विकायच्या गाड्यांना असायचा." आणि मी मान डोलावली!

सी म्हणजे इंजिन. २८९ नावाचं इंजिन, दोन बॅरलचा (हवा आत घ्यायच्या दोन नळ्यांचा) कार्ब्युरेटर, २०० हॉर्सपॉवर. जीटी पॅकेज फक्त चार बॅरलच्या २८९ वर मिळायचं, म्हणजे पाचवं अक्षर ए नाहीतर के पाहिजे. सी असेल तर ती फॅक्टरी जीटी असूच शकत नाही, वाद नाही, चर्चा नाही. आणि त्याच्या त्या १८५ डॉलरच्या कागदावर वरच्या ओळीत सी असलेला व्हीआयएन आणि चार बोटं खाली "२८९, चार बॅरल, २२५ हॉर्सपॉवर" असं छापलेलं होतं. तो कागद दोन तास माझ्या खिशात होता, फोन दुसऱ्या खिशात होता, एक सर्च केला असता तर संपलं होतं. पण समोर वयाने वडिलांएवढा माणूस टॉर्च धरून उभा आहे, नंबर टायटलशी जुळलाय, बॉनेटखाली चार बॅरलचा कार्ब्युरेटर डोळ्यांना दिसतोय, अशा वेळी किती जणांनी फोन काढला असता ते प्रामाणिकपणे सांगा.

३२,५०० चा कॅशियर्स चेक दिला. गाडी घरी आणायला ट्रक ६४० डॉलर. रजिस्ट्रेशन करताना टॅक्सचे तीन हजारांवर.

इन्शुरन्ससाठी किंमत काढायला माणूस बोलावला, त्याचे ३५०. त्याने व्हीआयएन वाचला आणि माझ्याकडे बघितलं, मग काही न बोलता गाडीखाली गेला आणि मलाही बोलावलं. खऱ्या जीटीला मागच्या फ्रेम रेलवर एक्झॉस्टच्या हँगरसाठी जाड पट्ट्या फॅक्टरीतच वेल्ड केलेल्या असतात. माझ्या गाडीला पट्टी नाही, नुसत्या पत्र्यात चार स्क्रू पिळलेले, त्यातला एक हाताने फिरत होता. फॉगलाइटच्या वायरींना निळे प्लास्टिकचे जॉइंट. दारावरची फॅक्टरी माहितीची प्लेट आजही कोणीही ऑर्डर करून हवी तशी ठोकून घेऊ शकतं, तिचे रिव्हेट नवे चकचकीत होते. त्याने किंमत लिहिली १९,०००. "नंबर मॅचिंग"चं विचारलं तर म्हणाला, ६६ ला के सोडून बाकी इंजिनांवर व्हीआयएन ठोकतच नव्हते, जुळवणार कशाला काय? म्हणजे जाहिरातीतली पहिलीच ओळ खोटी होती आणि मी तीच वाचून फोन केला होता.

यानंतर जे झालं त्याचा राग त्या माणसावरच्या रागापेक्षा कमी नाही. पोलिसात गेलो, रिपोर्ट, मेसेज, जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळं प्रिंट काढून फाइल करून नेलं. काउंटरवरच्या माणसाने फाइल उघडलीसुद्धा नाही, "हा सिव्हिल मॅटर आहे". अहो, खोटा कागद बनवून त्याचे पैसे घेतलेत, हा सिव्हिल मॅटर कसा? रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात म्हणाले व्हीआयएन जुळतोय, गाडी चोरीची नाही, जीटी आहे का नाही हे आमच्याकडे नोंदतच नाही. पण टॅक्स मात्र ३४,५०० वर घेतला, १९,००० वर नाही. ग्राहक तक्रारीवाले म्हणाले विकणारा डीलर नाही, आमच्यात बसत नाही. ऑनलाइन फसवणुकीचा फॉर्म भरला, पन्नास मिनिटं गेली, उत्तरात एक नंबर आला आणि त्यानंतर शुकशुकाट. बँक म्हणे चेक तुम्हीच दिला. वकिलाने पाऊण तासाचे ४५० घेतले आणि सांगितलं की बिल ऑफ सेलवर "ॲज इज" (आहे तशी घेतली) लिहिलंय आणि त्यावर जीटी हा शब्दच नाही. खरंच नव्हता, मी सही करताना फक्त रक्कम बघितली. जाहिरातीतला प्रत्येक दावा बिलावर लिहून घ्या, तो नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, इथे माणशी १२,५०० पर्यंतच मागता येतात, माझं नुसत्या किमतीतच १५,५०० चं नुकसान आहे, वरचे ३,००० सोडायचे. तरी दावा टाकलाय.

बायको पहिल्या दिवशी म्हणाली होती, "अरे, ३०० डॉलर देऊन एखाद्या मेकॅनिकला ने बरोबर." मी म्हटलं रिपोर्ट आहे ना. विकणाऱ्याने आणलेला रिपोर्ट हा पुरावा नसतो. व्हीआयएन आधी फोटोत मागा, घरी बसून एकेक अक्षर स्वतः सोडवा, आणि माणूस न्यायचा तर तुमच्या पैशाने नेलेला.

आणि आजच लिहायचं कारण वेगळं आहे. त्याच्या गॅरेजमध्ये मागे आणखी एक हार्डटॉप उभी होती, गडद हिरवी, १९६५ ची. मी वाकून बघितली होती. मागच्या व्हॅलन्सला एक्झॉस्टच्या नळ्यांसाठी दोन भोकं ताजी कापलेली, कडेला पत्रा चमकत होता, रंगसुद्धा लावला नव्हता. मी सहज विचारलं तर म्हणाला, "उन्हाळ्यात विकायला काढेन." आता उन्हाळा लागलाय. बे एरियात किंवा सॅक्रामेंटोकडे कोणाला हिरवी ६५ ची जीटी दाखवली, सोबत भरगच्च फॅक्टरी रिपोर्ट असेल, आणि व्हीआयएनचं पाचवं अक्षर सी असेल, तर पैसे द्यायच्या आधी मला मेसेज करा. माझ्या रिपोर्टचे फोटो पाठवतो, शेजारी ठेवून बघा.