डोंबिवलीत गुडघ्यांची जानुबस्ती: काय मिळतं, काय नाही

आधी माझी केस सांगते म्हणजे कोणी उगाच आशेने जाणार नाही. वय ५८, उजव्या गुडघ्याची झीज ग्रेड ३, डाव्याची ग्रेड २ (चारपैकी), एक्स-रेमध्ये हाडांमधली गॅप कमी झालेली स्पष्ट दिसते, ऑर्थोचे डॉक्टर म्हणाले रिप्लेसमेंटची घाई नाही, वजन उतरवा, व्यायाम करा, लागलीच तर पेनकिलर घ्या. पेनकिलरने मला ॲसिडिटी होते आणि बीपीची गोळी चालू आहे म्हणून पेनकिलर रोज घ्यायची नाही असं ठरवलेलं, त्यामुळे पंचकर्म सेंटरमधल्या जानुबस्तीकडे, म्हणजे गुडघ्यावर कोमट तेल धरून ठेवायच्या उपचाराकडे वळले. ज्यांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत किंवा रात्री दुखण्याने झोप मोडते त्यांनी माझ्या अनुभवावर जाऊ नका, तुमचं प्रकरण वेगळं आहे.

सेंटर डोंबिवली पूर्वेला आहे, नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे आणि अशी सेंटरं आता गल्लोगल्ली झालीत, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच मिळतं. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, गुडघेदुखीचं सेंटर आणि तेही पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही! जिन्यात प्रत्येक पायरीवर कोणीतरी कठडा धरून उभं असतं.

वैद्य मात्र चांगले निघाले. नुसती नाडी बघून औषध दिलं नाही, सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात, दहा-पंधरा मिनिटांत सुटतात का तासभर लागतो, हाताची बोटं सुजतात का, सगळं विचारलं आणि आरए फॅक्टरचा (आमवातासाठीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागितला. कारण विचारल्यावर म्हणाले, "काकू, झिजेचा संधिवात असेल तर तेल चालतं, आमवात असेल तर तेल लावून सूज वाढते, तिथे आम्ही वाळूचा कोरडा शेक देतो." हे मला फार पटलं. आपल्याकडे दुखणाऱ्या प्रत्येक सांध्याला संधिवात म्हणायची आणि शेजारणीने दिलेलं तेल चोळायची पद्धत आहे ना. तर पहिली टेस्ट हीच ठेवा, न तपासता कोणी थेट टेबलावर झोपवत असेल तर चप्पल घाला आणि निघा.

आता प्रत्यक्ष जानुबस्ती. उडदाचं पीठ घट्ट भिजवून गुडघ्याभोवती गोल पाळं बसवतात, कडा ओल्या बोटाने नीट चिकटवतात नाहीतर तेल गळतं, मग आत कोमट तेल ओततात, माझ्या वेळी महानारायण तेल होतं. थंड व्हायला लागलं की कापसाने टिपून काढतात आणि पुन्हा गरम ओततात, असं अर्धा तास. त्याआधी मांडीपासून पोटरीपर्यंत मालिश आणि नंतर निरगुडीच्या पाल्याची पोट्टली तेलात गरम करून शेक. वास सगळ्या अंगाला लागतो, रिक्षावाल्यानेही वळून बघितलं. थेरपिस्ट मुलगी हुशार होती, दर वेळी तेल आधी स्वतःच्या हातावर टाकून बघायची आणि मला विचारून मगच ओतायची. ज्यांना जुना डायबेटिस आहे आणि पायाला बधिरपणा आहे त्यांनी हे आधीच सांगा, गरम किती आहे ते तुम्हाला कळणार नाही आणि भाजेल. जखम किंवा त्वचेवर पुरळ असेल तर त्या दिवशी नको.

फरक पडला का? हो पडला. खरं सांगायचं तर टेबलावरून उतरताना गुडघा इतका मोकळा वाटतो की पहिल्यांदा हसूच आलं, आवाज कट-कट येतोच पण आखडलेपणा जातो, संध्याकाळपर्यंत जिने उतरायला भीती वाटत नाही. पूर्ण कोर्स झाल्यावर हा आराम काही आठवडे टिकला, मग हळूहळू पुन्हा पहिल्यासारखं. इथेच सेंटरवाल्यांशी माझं जमत नाही. काउंटरवरची बाई प्रत्येकाला सांगते की तेल झिरपून गुडघ्यातलं वंगण परत भरतं. अहो, वंगण आत सांध्याच्या अस्तरातून तयार होतं, वरून ओतलेलं तेल तिथपर्यंत पोचत नाही आणि झिजलेलं कार्टिलेजही (हाडांच्या टोकावरची गादी) त्याने परत येत नाही. शेकाने आणि मालिशने आजूबाजूचे स्नायू सैल होतात, रक्त खेळतं, दुखणं कमी होतं, एवढं पुरेसं आहे की, त्याला वंगणाची गोष्ट कशाला जोडायची?

आणि पॅकेज. एका बैठकीचे सातशे, पण सात बैठकांचं घेतलं तर स्वस्त, त्यात वर बिनलेबलच्या पुड्या "आमच्या खास" म्हणून. पॅकेज घेतलं, पुड्या नाही घेतल्या. ज्यावर कंपनीचं नाव, घटक, बॅच नंबर काही नाही ते पोटात घालायचं नाही हा माझा नियम, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणं होत असतात आणि मग दोन दिवसांत चमत्कार दिसतो तो त्याचाच.

म्हणजे आयुर्वेदिक औषधात काहीच नाही असं माझं म्हणणं नाही. आपल्या पुण्यातच संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने २०१३ मध्ये ट्रायल छापली होती, गुडघ्याच्या झिजेचे ४४० पेशंट, २४ आठवडे, सुंठ, गुळवेल, शल्लकी वगैरेची दोन औषधं एका बाजूला आणि ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठी विकतात ते सप्लिमेंट) व सेलेकॉक्सिब (पेनकिलर) दुसऱ्या बाजूला, दुखण्यात आराम साधारण सारखाच निघाला. पण त्याच ट्रायलमध्ये आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही जणांचं एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते) वाढलेलं दिसलं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणून घ्यायचं तर लेबलवालं, वैद्यांच्या सल्ल्याने, अधूनमधून लिव्हरची टेस्ट करून, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुग्गुळ, हळदीच्या कॅप्सूल वगैरे अजिबात नाही. तसं ग्लुकोसामाइनवरही फार भरवसा ठेवू नका, अमेरिकेत २००६ मध्ये पंधराशेहून जास्त लोकांवर मोठी ट्रायल झाली त्यात एकूण सगळ्यांचा विचार केला तर डमी गोळीपेक्षा खास काही निघालं नाही, आणि इथे मेडिकलमध्ये तीच बाटली हजार-बाराशेला.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट त्याच सेंटरमध्ये फुकट मिळाली. थेरपिस्ट मुलगी म्हणाली, "काकू, आत्ता गुडघा मोकळा आहे तोवर व्यायाम करून टाका, घरी जाऊन झोपू नका." गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून खाली दाबायचं, दहा आकडे मोजून सोडायचं. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा. मांडीचे पुढचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यावरचा ताण ते घेतात, ऑर्थोनेही हेच सांगितलं होतं पण दुखत असताना कोण करतंय. शेकानंतर दुखत नाही म्हणून होतं. माझ्या मते जानुबस्तीचे पैसे याचसाठी द्यावेत, नुसतं पडून घेतलं तर ते महागडं मालिश. वजनाचंही तसंच, एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो असा अभ्यास आहे, माझं थोडं उतरलंय आणि ठाणे लोकलमध्ये चढताना ते जाणवतं.

आता मी बैठका घेत नाही, घरीच लेबलवालं तेल कोमट करून लावते आणि हीटिंग बॅगने शेकते, सत्तर टक्के तरी तोच आराम मिळतो. पावसाळ्यात फारच आखडलं तर पुन्हा जाईन, सुट्या बैठका घेईन.

वैद्य आणि थेरपिस्टला पाचपैकी साडेचार, काउंटरला दीड, जिन्याला शून्य. जाणार असाल तर जुना गाऊन किंवा सैल सलवार न्या, तेलाचे डाग निघत नाहीत, आणि सकाळी अकराच्या आधीची वेळ घ्या, नंतर गर्दी होते आणि मग अर्ध्या तासाचे वीसच मिनिटं करतात.