सोसायटीच्या ऑफिसात लिनक्स मिंट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही, म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या ऑफिसातला लॅपटॉप लिनक्स मिंट २२वर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर आणला. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. काम नेहमीचंच: नोटिसा, मेंटेनन्सची बिलं, ईमेल, बँकेची साइट.

वेग खूप वाढला, पण निम्मं श्रेय जुन्या हार्ड डिस्कऐवजी बसवलेल्या वेगवान एसएसडीचं आहे. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून मिंट टाकलंत तर निराशा होईल. ४ जीबी रॅमवर मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप चालतो, मात्र फायरफॉक्समध्ये बरेच टॅब उघडले की अडखळतो. ८ जीबी करून घ्या.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजमधल्या रुफस या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) चढवा आणि आधी लाइव्ह मोडमध्येच, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून, अर्धा तास घालवा. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासता येतात. वायफाय दिसलं नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडा. बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर इन्स्टॉल करताना यूपीएसवर ठेवा. विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटमध्ये विंडोजचे ड्राइव्ह फक्त वाचता येतात, त्यांत काही सेव्ह होत नाही.

मेनू आणि फोल्डर दोन दिवसांत हाताखाली येतात. नवख्याची खरी परीक्षा मराठीत आहे.

वर्डमधल्या जुन्या नोटिसा मंगल फॉन्टमध्ये असतात. मिंटवर मंगल नसतो, वर्डच्या जागी वापरायचं लिब्रेऑफिस दुसरा देवनागरी फॉन्ट लावतं, आणि एका पानाची नोटीस दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडते. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समधल्या फॉन्ट्स भागात मंगलऐवजी नोटो सान्स देवनागरी अशी कायमची अदलाबदल लावा आणि नोटिसांच्या साच्यांतला अक्षरांचा आकार एकदाच जुळवून घ्या. त्याच ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची (देवनागरीसारख्या लिप्यांची) भाषा मराठी करा. भाषा हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात; मराठी केली की आपले ल, श येतात. नोटीस बाहेर पाठवायची ती पीडीएफ करूनच.

श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या फायली युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात) नसतात, म्हणून त्या इथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. त्या विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रकमा डोळ्यांनी तपासा.

टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट हा देवनागरी अक्षरांचा लेआउट जोडा. 'दुसऱ्या' लिहिताना अर्धा ऱ अनेकांना सापडत नाही. शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग स्लॅश: ऱ्या मधलं ऱ्य तयार. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅमचं एम१७एन पॅकेज आहे, पण ते शब्द सुचवत नाही, प्रत्येक अक्षर नेमकं टाकावं लागतं. ही सवय लागायला दोन-तीन आठवडे धरा.

टॅली मिंटवर थेट चालत नाही. हिशेब टॅलीत असतील किंवा डिजिटल सहीचं टोकन वारंवार लागत असेल तर एक विंडोज मशीन ठेवाच. प्रिंटरचं मॉडेलनिहाय बघा: बहुतेक एचपी लगेच ओळखले जातात, पण स्वतःचा खास ड्रायव्हर मागणारे काही जुने लेझर प्रिंटर फार वेळ खातात.

पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमची प्रत ठेवणारा मिंटमधला प्रोग्रॅम, चालू करा. एखादं अपडेट बिघडलं तर कालची सिस्टीम परत मिळते. मात्र टाइमशिफ्ट मुळात आपल्या फायलींचं होम फोल्डर वगळतं, त्यामुळे नोटिसा आणि बिलं त्यात नसतात. त्यांची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्यावी लागते.