दाताच्या कॅपसाठी माप: ट्रे की स्कॅनर?

जुन्या पद्धतीत ट्रेमध्ये सिलिकॉनचा लगदा भरून तो काही मिनिटं दातांवर दाबून धरतात. चटकन उमासे येणाऱ्यांना ती मिनिटं संपता संपत नाहीत. स्कॅनरची कांडी दातांवरून नुसती फिरते, आणि काही सुटलं तर तेवढाच भाग पुन्हा टिपता येतो. एक-दोन कॅपसाठी मी डोळे झाकून स्कॅनरच निवडेन.

पण कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच तो मोजतो. कॅपसाठी घासलेल्या दाताची कड हिरडीखाली असली किंवा रक्त-लाळ साचली, की स्कॅनर आंधळा. (हिरडी दोऱ्याने बाजूला सारणं मात्र बहुधा दोन्हीकडे आलंच!) शिवाय तो छोट्या प्रतिमा एकमेकींना जोडत जातो, त्यामुळे अख्खा जबडा टिपताना बारीक चुका साठत जातात. तिथे सिलिकॉनचं माप अजूनही जास्त भरवशाचं वाटतं.