शेवटच्या ओळीचा धक्का की उघडी राहिलेली भीती?

छोटी भयकथा संपवायची कशी, यावर माझं मत पक्कं आहे, पण ते सहज झालेलं नाही.

समजा, मध्यरात्रीनंतरची कर्जत लोकल. लेडीज डब्यात एक मुलगी समोरच्या आजींशी गप्पा मारतेय. भायखळ्याला गस्तीचा हवालदार डोकावतो आणि विचारतो, "ताई, एकट्याच कुणाशी बोलताय?" झाला धक्का. पहिल्यांदा वाचताना काटा येतो, दुसऱ्यांदा नाही. तरी तो जमवणं सोपं नसतं. आजींची सावली पडत नाही, त्यांच्या पिशवीचा आवाज येत नाही, हे आधीच पेरलेलं असावं लागतं. नुसतं 'ती मेलेलीच होती' म्हणणं ही फसवणूक आहे.

आता तोच डबा. घोषणा होते, "पुढील स्टेशन, सँडहर्स्ट रोड." गाडी थांबते, सुटते. पुन्हा, "पुढील स्टेशन, सँडहर्स्ट रोड." तिसऱ्यांदा तेच. मुलगी दचकून समोर बघते, तर आजी शांतपणे बोटांवर मोजतायत. चौथं बोट मिटतं. बस्स, इथेच थांबायचं.

जेकब्ज या इंग्रज लेखकाच्या १९०२ मधल्या 'द मंकीज पॉ' या भयकथेतही दारावर थाप पडत राहते आणि दार उघडल्यावर दिसतो तो रिकामा रस्ता. बाहेर कोण होतं, ते लेखक दाखवत नाही. म्हणून ती थाप आजही ऐकू येते.

मी दुसऱ्या बाजूची. धक्का कथेबरोबर संपतो, ते मिटलेलं बोट मात्र माझ्याबरोबर घरापर्यंत येतं.