एक्झॉस्ट फॅनची 'सोसायटी स्कीम' : माझे १७,५०० गेले, तुमचे वाचवा

पावसाळ्याच्या तोंडावर दोघं आले. कसे येतात ते तुम्हाला ठाऊकच आहे: गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, फाइलीत 'बी विंग'मधल्या लोकांच्या सह्या. सेक्रेटरींचं नाव तोंडपाठ. (ते गेटवरच्या पाटीवर आहे, हे मागाहून सुचलं.) आमच्या बाथरूम कोंदट, टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी, त्यात आईला दमा. गरज खरी होती, उगाच हौसेपायी भुललो असं कुणी म्हणू नये.

बिल ऐका. दोन बाथरूम आणि एक संडास, तीन पंखे, प्रत्येकी ४,९५०. पाइप-फिटिंग २,७००. दाराखाली रबरी पट्ट्या, "वास बाहेर येणार नाही काका", १,३५०. एकूण १८,९००, वजा 'सोसायटी डिस्काउंट' १,४००. दहा हजार यूपीआयने, ७,५०० रोख. यूपीआयवर नाव आलं भलत्याच किराणा दुकानाचं. "आमच्या शेठचंच आहे ते." उभी हयात बँकेत लोकांना सांगण्यात गेली, की नाव वाचल्याशिवाय पिन दाबू नका!

पण खरं चिडायला होतं ते उदबत्तीवरून. त्या पोरानं आमच्याच देव्हाऱ्यातली उदबत्ती मागून घेतली आणि पंख्याखाली धरली. धूर सर्रकन वर. आम्ही खूश. थोड्या वेळानं पॅसेजमध्ये, माळ्याच्या दाराच्या फटीतून, उदबत्तीचा वास. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, वास इकडे कसा?" मी म्हटलं, देव्हाऱ्यातला असेल. देव्हारा स्वयंपाकघरात, घराच्या पार दुसऱ्या टोकाला! पंखा हवा बाहेरच्या डक्टमध्ये टाकतच नव्हता. हातभर पाइप लावून तो फॉल्स सीलिंगच्या वर, माळ्यात मोकळा सोडला होता. गुडघे धड असते तर स्टुलावर चढून पाहिलं असतं.

ऑगस्टमध्ये पीओपीला फुगे आले आणि माळ्यावरच्या गोधड्या बुरशीनं हिरव्या झाल्या. आंघोळीची सगळी वाफ तिथं मुरत होती. दुरुस्तीला ९,२०० वेगळे. आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियननं खोक्यावरचं स्टिकर सोललं तर खाली दुसरंच नाव. असा पंखा दुकानात साडेसातशेला मिळतो म्हणाला. पट्ट्याही त्यानंच उपटल्या: दाराखालून हवा आत आली नाही तर पंखा बाहेर फेकणार काय? नुसता घरघरतो.

मग तक्रार. चौकीत म्हणे, "माल मिळाला ना? पंखा फिरतो ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मॅटर आहे." मी वाफेचं सांगायला लागलो तर हवालदार शेजारच्याकडे बघून हसला. पावतीवरचा पत्ता दुसऱ्या हद्दीतला, तिकडे जा. तिकडे गेलो तर घटना तुमच्याकडे घडली, तिकडेच जा. हेल्पलाइनवर, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना सर?" पुढे मेसेज आला, तक्रारीचं निराकरण झालं आहे. कुणाचं झालं? माझ्याच जुन्या शाखेतली मुलगी म्हणाली, "साहेब, आता तुम्हाला काय सांगायचं." जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे खरं, पण नोटीस पोचवायला पत्ता लागतो, आणि पावतीवरच्या पत्त्यावर कुलूपबंद गाळा आहे.

पावतीवरचा जीएसटी नंबर मोजा. तो १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. माझ्या पावतीवरचा १४ अक्षरी निघाला. पोर्टलवर टाकला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. उदबत्ती आत काय धरता, बाहेर डक्टच्या तोंडाशी उभं राहून धूर येतो का बघा, आणि तोवर रोख देऊ नका. 'मोठा पंखा घ्या'लाही भुलू नका. सात बाय पाचची, नऊ फूट उंच बाथरूम म्हणजे जेमतेम नऊ घनमीटर हवा. तासाला दहादा बदलायची तर ९० घनमीटर पुरे, सहा इंची साध्या पंख्याला ते सहज जमतं. खिडकीच्या काचेत बसवा, मागे झडपा असलेला घ्या, आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. बस्स. आणि सह्यांच्या यादीतल्या एकाला तरी फोन करा. मी नंतर केला. त्यांनी सही केलीच नव्हती.

माझा नंबर त्या पंखेवाल्यांनी ब्लॉक केलाय. परवा बायकोच्या फोनवरून लावला तर पहिल्याच रिंगला उचलला: "बोला ताई, कुठली सोसायटी? स्कीम रविवारपर्यंतच आहे."