गाडीतलं ब्लूटूथ आणि नवा फोन: नऊ महिन्यांचा अनुभव

नाशिकरोडच्या जेलरोडवरून सिन्नरची माळेगाव एमआयडीसी. जाऊन-येऊन पंचेचाळीसेक किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. या रस्त्याला मला दोन गोष्टी लागतात, जाताना अभंग आणि येताना कोणाची तरी मुलाखत. मधले नऊ तास परचेसला बसून सप्लायरांचे फोन ऐकायचेच असतात.

गाडी २०१६ची हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. स्टिरिओ गाडीबरोबरच आलेला. दोन ओळींचा निळा डिस्प्ले, ब्लूटूथ, यूएसबी आणि ऑक्स (वायरने गाणं आत सोडायचं भोक) एवढंच. टचस्क्रीन वगैरे काही नाही. जुना फोन चार वर्षं या स्टिरिओशी गुण्यागोविंदाने नांदला. गेल्या जूनमध्ये नवा अँड्रॉइड फोन घेतला आणि पहिल्याच सोमवारी कुरबुर सुरू झाली. कधी फोन जोडला जायचा पण आवाज नाही. कधी आवाज यायचा पण अडखळत. कधी मस्त चाललेला अभंग शिंदे टोलनाक्याच्या आसपास गपकन बंद. मला हे सगळं एकच दुखणं वाटायचं, ‘ब्लूटूथ बिघडलंय’. दुखणी वेगवेगळी आहेत हे कळायला ऑक्टोबर उजाडला, आणि तोवर सोळाशे रुपये गेले होते.

खरं तर साडेचौदा हजार जायचे. शिंगाडा तलावाजवळच्या एका ॲक्सेसरीजवाल्याने खिडकीतून आत डोकावूनच निकाल दिला, “ताई, हा काढून टाका. नऊ इंची अँड्रॉइड बसवतो, मागचा कॅमेरा धरून साडेचौदा.” त्याला दोष देत नाही, विकणं हा त्याचा धंदाच आहे. पण त्याने माझा फोन हातातसुद्धा घेतला नाही. म्हटलं, आधी घरचे उपाय करू.

घरचा पहिला उपाय म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर, साडेसहाशे रुपये. फोन त्याच्याशी ब्लूटूथने जोडायचा, तो बारीक ताकदीने एफएमवर गाणं सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. नाशिकमध्ये रिकामी जागा सापडली आणि पंधरा दिवस बरं चाललं. मग मुंबईला जायची वेळ आली. कसारा उतरून ठाण्याकडे जायला लागलो तशी प्रत्येक रिकाम्या जागेवर कोणी ना कोणी बोलायला लागलं. अभंगाच्या मधोमध सोन्याच्या दुकानाची जाहिरात. दर दहा मिनिटांनी ८७.५पासून १०८पर्यंत जागा शोधत बसायचं हे गाडी चालवताना करायचं काम नाही. आवाजही पातळ, टाळ वाजले की खरखर.

दुसरा उपाय, ऑक्समध्ये लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर, साडेसातशे. आवाज ट्रान्समीटरपेक्षा कितीतरी चांगला. पण तो गाडीतच चार्जिंगला लावला की गुणगुण सुरू, आणि ॲक्सिलरेटर दाबला की गुणगुणीचा सूर वर चढतो. मोहदरी घाट चढताना तर सनईवाला मागे बसलाय असं वाटायचं. चार्जरची वायर काढली की गुणगुण गायब. रिसीव्हरला वीज आणि ऑक्सची वायर दोन्ही एकाच गाडीच्या अर्थिंगवर येतात, त्यात वळसा तयार होतो आणि अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, कुरकुर स्पीकरमध्ये शिरते. त्यावर दोनशे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. तो मध्ये लावला आणि सनई थांबली. ज्यांच्या गाडीत ऑक्स आहे पण ब्लूटूथच नाही, त्यांनी हीच जोडी घ्यावी, स्टिरिओ बदलू नये.

पण माझं मूळ दुखणं? ते तसंच. ट्रान्समीटरवरसुद्धा अभंग शिंदे टोलपाशी बंद व्हायचा, आणि रिसीव्हरवरसुद्धा. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. स्टिरिओचं ब्लूटूथ वापरतच नव्हते, तरी तेच होतंय म्हटल्यावर दोष स्टिरिओचा कसा? पण मी आपली टोलनाक्यावरच्या यंत्रांना आणि मोबाइल टॉवरला नावं ठेवत बसले. ऑगस्टमध्ये वैतागून फोनचं नेटवर्क रीसेट मारलं. त्याने फरक शून्य पडला, उलट वायफायचे सगळे पासवर्ड पुसले गेले. घरचा राउटर उलटा करून खालचा स्टिकर टॉर्च मारून वाचावा लागला.

शेवटी परचेसवालीने परचेसवालीसारखं वागायचं ठरवलं. माल परत पाठवताना रिजेक्शन कुठल्या लॉटमध्ये, किती वाजता, कोणत्या मशिनवर हे आपण लिहून काढतोच की. डॅशबोर्डच्या खणात छोटी वही ठेवली आणि गाडी थांबली की एक ओळ खरडायची, तारीख, काय झालं, गाडीत कोण होतं, फोन कुठे होता. तीन आठवड्यांत वहीने जे सांगितलं ते कोणी मिस्त्री सांगणार नव्हता.

टोलनाक्याची गंमत आधी. एका दिवशी मी मुद्दाम डाउनलोड केलेले अभंग लावले, म्हणजे नेटचा संबंध नको. तरीही बंद. दुसऱ्या दिवशी ट्रॅफिकमुळे उशीर झाला तर अभंग टोलच्या बराच अलीकडे, बिटकोच्या चौकातल्या गर्दीतच बंद पडला. रविवारी त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला गेलो, तिथे तर शिंदे टोल नाहीच, तरी वीसेक मिनिटांनी बंद. जागेचा संबंधच नव्हता, घड्याळाचा होता. नवा फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात, स्क्रीन बंद करून ठेवला की थोड्या वेळाने गाण्याचं ॲप झोपवत होता. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर बॅटरीचा पर्याय असतो, तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ केलं. काही फोनमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं असतं, आणि ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. त्या दिवसापासून शिंदे टोलला फक्त फास्टॅगचे पैसे कटतात.

दुसरी नोंद, अडखळणं. वहीत ते फक्त बुधवारी आणि रविवारी दिसलं. बुधवारी मुलाला क्रिकेटला सोडते, रविवारी सगळेच बरोबर. मुलगा मागच्या सीटवर टॅब घेऊन बसतो आणि गाडीत बसल्या बसल्या फर्मान, “आई, हॉटस्पॉट!” झालं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. त्या पट्ट्यात एकेक मेगाहर्ट्झच्या ७९ वाटा धरून सेकंदाला १६०० उड्या मारतं, म्हणूनच एरवी गर्दीतूनही निभावून नेतं. पण हॉटस्पॉटही त्याच पट्ट्यात, त्याच फोनमधून चालू असेल तर दोघांना आळीपाळीने बोलावं लागतं, आणि टॅबवर कार्टून सुरू झालं की अभंगाची पाळी येता येत नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ केला. टॅबला तो चालतो, जुन्या टॅबला चालेलच असं नाही. सोबत फोन पर्समध्ये मागच्या सीटवर टाकायची सवय सोडली आणि गिअरजवळच्या खाचेत ठेवायला लागले. २.४च्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच, त्यामुळे मागच्या खिशात फोन ठेवून त्याच्यावर बसणाऱ्यांनी आधी फोन बाहेर काढून बघावा.

‘जोडलंय पण आवाज नाही’ याची तर दोन कारणं निघाली. एक साधं. फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढे दातेरी चाक असतं, ते दाबलं की तीन बटणं दिसतात, कॉलसाठी वेगळं, मीडिया ऑडिओसाठी वेगळं आणि कॉन्टॅक्टसाठी वेगळं. कॉल आणि गाणी हे ब्लूटूथच्या दृष्टीने दोन वेगळे धागे आहेत. एक जुळला म्हणजे दुसरा जुळलाच असं नसतं. माझं मीडियाचं बटण बंद होतं, बहुधा जोडताना घाईत काहीतरी चुकीचं दाबलं असणार. ते चालू केलं, आठवडाभर छान. मग एका सकाळी पुन्हा शांतता. स्क्रीनवर गाणं पुढे सरकतंय, स्पीकर मुके. सिग्नलला थांबले तेव्हा कुठूनतरी अगदी बारीक टाळ ऐकू आले. पर्स उघडली तर इअरबडच्या डबीचं झाकण उघडं, एक बड बाहेर पडलेला, आणि अभंग लिपस्टिक आणि पॅरासिटामॉलच्या पाकिटाला ऐकवला जातोय. तेव्हापासून डबीला रबरबँड.

नवऱ्याच्या फोनची कथा वेगळीच. आम्ही पहिल्या मजल्यावर, गाडी बरोबर खाली. एकदा मी गाडी चालू केली आणि स्टिरिओतून एक अनोळखी गृहस्थ गरजले, “डिस्पॅच का अडकलाय?” दचकून ब्रेकच दाबला. वर फोन केला, “अरे, तुझे साहेब माझ्या गाडीत येऊन बसलेत.” तो बाल्कनीत उभा राहून बोलत होता आणि स्टिरिओने रविवारचा शेवटचा फोन म्हणून त्यालाच पकडलं होतं. स्टिरिओची यादी उघडून बघितली तर पाच फोनांची जागा आणि पाचही भरलेल्या. एक माझा, एक नवऱ्याचा, दोन सर्व्हिसिंगच्या पोरांचे असावेत आणि एकाचं नाव ‘पप्पा’. आधीच्या मालकाच्या घरातले. गाडी सुरू झाली की स्टिरिओ या सगळ्यांना एकेक करून हाका मारत बसायचा, म्हणून माझा फोन जोडायला मिनिट-दीड मिनिट लागायचं. पप्पांसकट चौघांना रजा दिली. आता स्टार्टर मारून सीटबेल्ट लावेपर्यंत फोन जोडलेला असतो.

स्टिरिओचा म्हणून खरा दोष एकच राहिला. नव्या फोनबरोबर तो अधूनमधून गोठायचा, आणि आवाज फारच लहान यायचा. गोठण्याचं अर्धं कारण माझी फोनबुक. तेवीसशे नंबर आहेत, फाउंड्रीवाल्यापासून पेटीपॅकवाल्यापर्यंत. स्टिरिओ रोज सकाळी ते सगळे वाचायला बसायचा. दातेरी चाकाआडचं कॉन्टॅक्टचं बटण बंद केलं. आता फोन आला की नाव दिसत नाही, नुसता नंबर. मला निम्मे नंबर पाठ आहेत, त्यामुळे चाललं.

उरलेलं अर्धं डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे फोनमधल्या लपवलेल्या, प्रोग्रॅमरसाठीच्या सेटिंगमध्ये. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की ते उघडतात. आत इतर कशालाही हात लावू नका, खरंच. तिथे ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू केलं. म्हणजे फोनचा आवाज वेगळा आणि स्टिरिओचा वेगळा. फोन जवळजवळ फुल ठेवायचा आणि स्टिरिओच्या खटक्याने कमी-जास्त करायचं. तोटा असा की इअरबडलाही हेच लागू होतं, एकदा कान बधिर करून घेतले आहेत. दुसरं म्हणजे एव्हीआरसीपी. गाण्याचं नाव आणि पुढे-मागेची बटणं ज्याच्यावर चालतात तो प्रकार. माझ्या फोनमध्ये १.५ होतं, १.३ केलं, ब्लूटूथ बंद करून चालू केलं आणि गाडी पुन्हा जोडली. गोठणं थांबलं, नाव आणि बटणं दोन्ही चालतात. देवनागरी नावांच्या जागी मात्र आडव्या रेघाच दिसतात. कुठलाही अभंग लावा, डिस्प्लेवर रेघा.

डिसेंबरमध्ये फोनला मोठा अपडेट आला आणि दोन दिवस पुन्हा बोंब. फोन म्हणतो ‘पेअर्ड’, पण जोडत नाही. मी फोनमधून गाडी काढून नव्याने जोडायला गेले तर नकार. ब्लूटूथमध्ये दोन्ही बाजूंकडे एकाच कुलपाची किल्ली जपलेली असते. मी कुलूप बदललं होतं, स्टिरिओ जुनीच किल्ली फिरवत होता. दोन्हीकडून नाव पुसलं, फोन रीस्टार्ट केला, गाडी बंद करून दार लॉक करून पाच मिनिटं थांबले म्हणजे स्टिरिओही पुरता झोपेल. मग पहिल्या झटक्यात जोडलं.

बहिणीच्या गाडीत टचस्क्रीन आहे, त्यावर अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनचे नकाशे-गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारा प्रकार, पण वायरने चालणारा. तिने तो वायरलेस करायचा डोंगल, म्हणजे गाडीच्या यूएसबीत लावायची छोटी डबी, घेतला आणि तो बिघडला म्हणून माझ्याकडे आली. तिथे ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, पुढचं सगळं फोन आणि डोंगल यांच्यातल्या वायफायवर चालतं. तिचा हॉटस्पॉट कायम चालू असायचा, तो बंद केला तेव्हा डोंगल सुधारला. फोन तापतो आणि बॅटरी खातो हे मात्र आहेच, त्यामुळे लांबच्या प्रवासाला ती अजून वायरच लावते. फक्त नुसत्या चार्जिंगची वायर चालत नाही, डेटाची लागते. स्वस्तातल्या बऱ्याच वायरींत ती सोय नसते.

ऑक्टोबरपासून आजपर्यंत, त्या अपडेटचे दोन दिवस सोडले तर वहीत नवी ओळ नाही. रिसीव्हर आणि आयसोलेटर सासऱ्यांच्या जुन्या गाडीत गेले, त्यांना रोज संध्याकाळी नाट्यसंगीत लागतं. ट्रान्समीटर अजून माझ्याच सॉकेटमध्ये आहे. त्याला एक यूएसबी पोर्ट आहे, त्यावर नवऱ्याचा फोन चार्ज होतो. ब्लूटूथ बंद करून.