अकरा महिन्यांचं पत्र, बारा महिन्यांचा बोनस

भोसरी एमआयडीसीतल्या बावीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी बघायचो. मालकांना सगळे काका म्हणत. पगार वेळेवर व्हायचा, पण वाढ मागितली की काका थकलेल्या बिलांची कहाणी सांगायचे. ती खरीच होती. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे चाकणची एक कंपनी. लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असं कायदा सांगतो. आमचे नव्वद दिवसांनीही सुटत नसत.

मार्च 2023 मध्ये त्याच कंपनीचे एक साहेब ऑडिटला आले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "इथे किती दिवस काढणार? वर्षाला सहा लाख चोवीस हजार देतो, ये." म्हणजे महिन्याला बावन्न हजार. मला हातात एकतीस मिळत होते. घरी पेढेसुद्धा वाटून झाले. मी तोंडी शब्दावर राजीनामा दिला, इथेच पहिली माती खाल्ली. पत्र रुजू झालो त्या दिवशी मिळालं.

पत्रावर कंपनीचं नावच नव्हतं, माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीचं होतं. मुदत अकरा महिने. "फॉर्मॅलिटी आहे, सहा महिन्यांत कंपनी रोलवर घेतो, म्हणजे थेट कंपनीचा माणूस करतो," असं एचआरच्या मॅडम म्हणाल्या. जुनी नोकरी सुटलेली, सही करण्यावाचून इलाज नव्हता.

पहिला पगार हातात आला सदतीस हजार. मग कागद घेऊन बसलो. बावन्न हजारांत मालकाच्या वाट्याचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीचे 962, व्हेरिएबलचे, म्हणजे कामगिरीवरच्या पगाराचे, 5,200 आणि रिटेन्शन बोनसचे, म्हणजे टिकून राहिल्याबद्दलचे, 5,000 धरलेले. उरलेल्यातून माझा पीएफ आणि 200 रुपये व्यवसाय कर. व्हेरिएबल 31 मार्चला कामावर असणाऱ्यालाच. रिटेन्शन बोनस बारा महिने पूर्ण झाल्यावर. आणि माझं पत्र 10 एप्रिल ते 9 मार्च! म्हणजे महिन्याचे ते दहा हजार दोनशे कागदावरच राहणार होते. ग्रॅच्युइटी तेव्हा पाच वर्षांनी मिळायची, तीही अकरा महिन्यांच्या माणसाच्या पॅकेजात मोजलेली. काकांकडे माझी चार वर्षं पाच महिने झाली होती. आणखी सात महिने थांबलो असतो तर बावन्न हजारांच्या आसपास ग्रॅच्युइटी हातात पडली असती.

शिवाय कंपनीची बस कंत्राटी माणसाला नाही. मोशी ओलांडून चाकणच्या चौकात रोज गाडीवर धूर खायचा, पेट्रोल आपलं.

पैशाचं एक वेळ सोडा. मला बसवलं होतं व्हेंडरचे, म्हणजे काकांसारख्या माल पुरवणाऱ्यांचे, दर ठरवणाऱ्या टेबलाशेजारी. बुश म्हणजे नळीसारखा पोकळ सुटा भाग, तो काका या कंपनीला बनवून द्यायचे. साहेब चहा मागवायचे आणि विचारायचे, त्या बुशला काकांकडे सायकल टाइम, म्हणजे एका पीसला वेळ, किती? एका इन्सर्टवर, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या एका टोकावर, किती पीस निघतात? रिजेक्शन, म्हणजे बाद माल, किती? मी फुशारकीने सगळं सांगितलं. मोठ्या माणसांनी आपल्याला विचारावं याचीच नशा होती. ऑक्टोबरमध्ये काकांना दर कमी करण्याचा मेल गेला. त्यातला हिशेब माझ्याच आकड्यांवर उभा होता. त्यानंतर माझ्यासाठी चहा आला नाही.

कंपनी रोलचा विषय काढला की "वरून मंजुरी यायचीय". फेब्रुवारीच्या शेवटी एजन्सीच्या माणसाचा फोन आला, रिन्यूअल नाही. साहेबांनी माझा फोनच उचलला नाही. शेवटचा पगारही एजन्सीने अडवला. मग एका युनियनवाल्या ओळखीच्या माणसाने सांगितलं की तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीला द्यावा लागायचा. तसं लेखी पत्र कंपनीच्या गेटवर इनवर्ड करून पोच घेतली, तेव्हा आठ दिवसांत पैसे जमा झाले. बाकी काही मिळालं नाही. सही माझीच होती.

म्हणून सांगतो, पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका. पत्राच्या माथ्यावर कोणाचं नाव आहे ते बघा, मुदत आणि बोनसची तारीख शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि वर्षाचा आकडा सांगणाऱ्याला महिन्याला हातात किती ते लिहून मागा. जुन्या मालकाच्या कामाचे आकडे मात्र कितीही चहा पाजला तरी सांगू नका.

नव्या नोकरीसाठी अनुभवाचा दाखला लागत होता, म्हणून एप्रिलमध्ये काकांकडे गेलो. त्यांनी तिथेच टाइप करून सही दिली. कोपऱ्यातल्या मशीनवर ताडपत्री होती. मी तिकडे बघतोय हे पाहून म्हणाले, "बुशचं काम सोडलं. त्या दरात परवडत नव्हतं."